जुनी बंगल्यांची सोसायटी राखायची, तर मार्जिनपासून सुरुवात करा

बडोद्यातल्या एका को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या सचिव ताईंचा प्रश्न आहे. सोसायटी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस वसलेली, चाळीसेक बंगल्यांची. घरं बहुतेक दुमजली, सपाट गच्चीची. लांब छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, आत मोझॅकची फरशी. वस्ती मराठी-गुजराती मिश्र. गेल्या काही वर्षांत काही बंगले पडले आणि तिथे पार्किंगवर चार मजले उभे राहिले. आणखी दोन घरांच्या वारसांशी बिल्डरची बोलणी चालू आहेत. ताई विचारतात, सगळी सोसायटी हेरिटेज म्हणून जाहीर करून घेता येईल का, आणि शेजाऱ्यांना या कामात कसं ओढायचं?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देतो. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा किमान १०० वर्षं जुन्या वास्तूंचाच विचार करतो. तुमची सोसायटी आत्ता कुठे सत्तरीला टेकली आहे. शहरांच्या हेरिटेज यादीत शिरायला दर वेळी शंभरी लागतेच असं नाही, पण यादी करणाऱ्यांची नजर आधी राजवाड्यांकडे, वेशींकडे आणि हवेल्यांकडे जाते. आपल्या गावात लक्ष्मीविलास, न्यायमंदिर, मांडवी आणि कीर्तिमंदिर असताना सिमेंटच्या जाळीचा बंगला कोणाच्या डोळ्यांत भरणार? दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन १९७२ चं होतं. राज रेवल यांची रचना, महेंद्र राज यांचं स्ट्रक्चर, जगभरच्या वास्तुविशारदांनी ते वाचवायला पत्रं लिहिली. तिथल्या हेरिटेज समितीने ६० वर्षांच्या आतल्या इमारतींचा विचार करायला नकार दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ते जमीनदोस्त झालं. एवढ्या नावाजलेल्या वास्तूची ही गत झाली, म्हणून सरकारी शिक्क्याची वाट बघत बसू नका असं मी प्रत्येक सोसायटीला सांगतो.

दुसरीकडे, शिक्का किंवा कोर्टाचा हुकूम जिथे मिळाला तिथे रहिवासी आधीपासून उभे होते. मुंबईत ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या प्रस्तावामागे तिथल्या रहिवाशांच्या संघटनांनी कित्येक वर्षं खपून काम केलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधल्या, बंगल्यांचे मजल्यागणिक फ्लॅट करून विकणं थांबवलं. ती लढाई तिथल्या रहिवासी संघटनेने लढवली होती. तेव्हा तुमचा दुसरा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे.

आता एक काम करा. एखाद्या रविवारी सकाळी गल्लीच्या टोकाला उभं राहून बघा की नेमकं काय राखायचं आहे. एकेकटा बंगला घेतला तर त्यात जगावेगळं काही नाही. नकाशे कोणा स्थानिक इंजिनिअरने किंवा ओव्हरसिअरने काढलेले असतील, त्यांची नावंही आता कोणाला आठवत नाहीत. पण कमरेइतक्या कंपाउंड भिंती, त्यामागे मोकळं मार्जिन, म्हणजे भिंत आणि घर यांच्यात सोडलेली जागा, मार्जिनमधला कडुनिंब नाहीतर आसोपालव, सगळ्या घरांचे छज्जे साधारण एका रेषेत आणि मधोमध सगळ्यांचा कॉमन प्लॉट, हे एकत्र बघितलं की सोसायटी दिसते. ही रचना घरांमधल्या मोकळ्या जागेत आहे. एका प्लॉटवर मार्जिन बुजवून चार मजले चढले की त्या घरापेक्षा जास्त नुकसान शेजारच्या दोन घरांचं होतं. त्यांची हवा जाते, ऊन जातं, आडोसा जातो, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत तीही विक्रीला निघतात. पाडापाडी अशी शेजारून शेजारी पसरते.

म्हणून घरांना 'अ' दर्जा, 'ब' दर्जा देत बसू नका. वास्तुविशारदांना अशी प्रतवारी करायला आवडते, पण सोसायटीत तिने भांडणंच लागतात. ज्याचं घर 'अ' त्याला वाटतं आपले हात बांधले, ज्याचं 'क' त्याला वाटतं आपण मोकळे सुटलो. नियम लावायचे ते सामायिक गोष्टींना लावा: समोरचं आणि बाजूचं मार्जिन, उंची, कंपाउंड भिंत, मोठी झाडं, प्लॉटची भरणी आणि रस्त्याकडून दिसणारी बाजू. घराच्या आत कोणी मॉड्युलर किचन करो, बाथरूम दुप्पट करो, मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल लावो, तिकडे सोसायटीने बघू नये. मोझॅक झाकली गेली की मला वाईट वाटतं, कारण जागेवर ओतून, घासून केलेली तशी फरशी करणारे कारागीर आता फार थोडे उरलेत. तरी तो त्या घराचा निर्णय आहे. आतलं स्वातंत्र्य पूर्ण दिलंत तरच बाहेरच्या चार अटी लोक मनापासून मान्य करतील.

ही घरं अशी का बांधली गेली हे शेजाऱ्यांना माहीत असलं की बोलणं सोपं जातं, म्हणून थोडं त्याबद्दल. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय सुरू झालं. संस्थानी नोकरीतली कुटुंबं दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या वाड्यांमधून बाहेर पडू लागली होती. त्यांच्यात नवे प्राध्यापक, डॉक्टर आणि कारखान्यांतले इंजिनिअर मिसळले. १९६२ मध्ये गुजरात स्टेट फर्टिलायझर्सची स्थापना झाली, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी चालू झाली, आणि पगारदार माणसांची आणखी एक लाट आली. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी फर्टिलायझरनगरची टाउनशिप त्याच दशकात उभी केली. अहमदाबादेत वास्तुविशारद ल कॉर्बुझिएचं मिल ओनर्सचं भवन १९५४ मध्येच तयार झालं होतं. नवी वास्तुकला म्हणजे काय हे बडोदेकरांना हाकेच्या अंतरावर बघायला मिळत होतं.

पण तुमच्या बंगल्यांचा साधेपणा नुसता आवडीतून आलेला नाही. त्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. ते १९८२ मध्ये अर्धवट आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्यामुळे भिंती विटांच्या, भार पेलणाऱ्या, आणि आरसीसी फक्त स्लॅब, छज्जे आणि लिंटेलपुरतं. नक्षीला फाटा दिला आणि तो खर्च छज्ज्याच्या लांबीत घातला, कारण एप्रिल-मे मधलं बडोद्याचं ऊन भिंतीवर पडू द्यायचं नव्हतं. जाळीतून जिन्यात वारा खेळावा, पण बाहेरून आतलं दिसू नये, असा विचार. विजेच्या पंख्यांवर भागवायच्या दिवसांत केलेलं हे नियोजन आजच्या वीजबिलातही उपयोगी पडतं. छज्जे तोडून काचेची दर्शनी भिंत लावलेल्या घरातला एसी दुपारभर बंद करता येत नाही, हे तुमच्या सोसायटीतही कोणीतरी सांगेल.

लोकांना वास्तुकलेवर व्याख्यान ऐकवून जमवायला जाऊ नका, त्यांच्या रोजच्या गरजेपासून सुरुवात करा. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात जोसेफ आयकलर या बिल्डरने पन्नासच्या दशकात उभारलेल्या एकमजली घरांच्या वस्त्या आहेत. मागची भिंत सगळी काचेची, अंगणाकडे उघडणारी. शेजारी कोणी दुसरा मजला चढवला की त्याच्या खिडकीतून थेट यांचा दिवाणखाना दिसतो. तिथे गावाने अशी सोय ठेवली की वस्तीतल्या ७० टक्के घरमालकांनी अर्ज केला तर त्या वस्तीपुरती एकमजली मर्यादा लागू होऊ शकते. मूळ खरेदीखतातच एकमजल्याची अट असेल तर ६० टक्के पुरतात. तिथल्या माणसांना एकत्र आणलं ते घरातल्या आडोशाच्या काळजीने. काही वस्त्यांत सुरुवातीला सह्या भराभर मिळाल्या, पण सुनावणीपर्यंत लोक मागे फिरले, कारण सही करताना आपण काय सोडतोय हे त्यांना नीट समजावलं नव्हतं.

बडोद्यात आडोशाइतकीच मोठी गोष्ट म्हणजे गच्ची. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळी सोसायटी गच्चीवर असते, उन्हाळ्यात पापड-कुरडया तिथेच वाळतात, काही घरांतली माणसं अजून रात्री तिथे झोपतात. बाजूला चार मजले उठले की गच्चीचं हे सगळं संपतं. एक बैठक मुद्दाम गच्चीवर घ्या आणि बोलायला घरातल्या बायकांना सांगा. सर्वसाधारण सभेत बहुतेक पुरुष येतात आणि बोलणं एफएसआयवर, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल यावर, जातं.

त्याहून मोठी गरज पुराची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा ज्यांच्या घरात पाणी आलं, त्यांना जुनी घरं राखा असं सांगायला जाल तर ते विचारतील, की दर पावसाळ्यात फर्निचर वर उचलायचं का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळू नका. जुन्या घरांच्या प्लिंथ, म्हणजे जोती, बांधल्या तेव्हा पुरेशा उंच होत्या. रस्त्यावर दर खेपेला जुना थर न खरवडता नवं डांबर पडत गेलं, रस्ता चढला आणि प्लिंथ होती तिथेच राहिली. त्यात नवी इमारत येते ती आपला प्लॉट भरणी घालून दोन फूट वर उचलते, मार्जिनमध्ये पेव्हर ब्लॉक बसवते, आणि तिच्या वाट्याचं पाणी शेजारच्या अंगणात ढकलते. प्रत्येकाने आपापला प्लॉट उचलायचा ठरवलं तर सगळ्यात खाली राहणारं घर बुडणार, आणि ते घर बहुधा एकट्या राहणाऱ्या एखाद्या आजींचं असतं.

यावर सोसायटीने मिळून करण्यासारखं बरंच आहे. महापालिकेकडे एकत्र अर्ज करा की रस्ता नव्याने करताना आधी खरवडा. एकट्यादुकट्याच्या तक्रारीपेक्षा सोसायटीच्या ठरावाला वजन येतं. मार्जिनमधली निदान अर्धी जमीन माती म्हणून मोकळी ठेवायची हा नियम करा. कॉमन प्लॉटच्या कोपऱ्यात खंभाती कुवा, म्हणजे विटांची जाळीदार शोषविहीर, खोदता येते का हे भूजल जाणणाऱ्या माणसाला विचारा. रोजच्या पावसाचं पाणी त्याने जिरतं, मात्र नदीच गावात शिरली तर त्याचा उपयोग नाही, हे लोकांना स्पष्ट सांगा. आणि पुराच्या वाटेतल्या घरांना तळमजल्यावरचा विजेचा बोर्ड आणि इन्व्हर्टर वर हलवायला मदत करा. हे करणाऱ्या समितीचं नंतर उंचीच्या नियमाबद्दलही लोक ऐकतात.

आता दुरुस्ती. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या कामात बहुतेक वेळा घर पाडायचा विचार गळक्या स्लॅबपासून सुरू झालेला दिसला आहे. छतातून पोपडे पडतात, गंजलेल्या सळया दिसतात, कोणीतरी येऊन म्हणतो 'मकान पूरं थई गयुं', म्हणजे घर संपलं, आणि घाबरलेलं कुटुंब बिल्डरला फोन करतं. २००१ च्या भूकंपाची भीती अजून मनात आहे आणि ती खोटी नाही, बडोदा भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं. म्हणूनच अंदाजाने काही ठरवू नका, तपासणी करून घ्या.

काँक्रीट नवं असताना त्यातल्या अल्कलीमुळे सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायॉक्साइड आत झिरपत जातो आणि ती अल्कली संपत जाते. त्या काळात सळईवरचं काँक्रीटचं आवरण पातळ ठेवत, अर्धा-पाऊण इंच. कार्बन तिथवर पोचला आणि वरून पाणी गळत राहिलं की सळई गंजते, फुगते आणि खालचा थर ढकलून पाडते. तपासणी अवघड नाही. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण टाकतात. गुलाबी झालं तर अल्कली शाबूत, रंग आला नाही तर कार्बन तिथवर पोचला. जोडीला रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी करून स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगू शकतो की स्लॅबचा किती भाग खराब आहे. पुष्कळदा संडास-मोरीच्या वरचा आणि पावसाळी नळाजवळचा तुकडाच खराब असतो, बाकीचा स्लॅब ठणठणीत.

तो तुकडा दुरुस्त करायचीही रीत आहे. आधी वरची गळती बंद करायची. मग सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडायचं, गंज घासून काढायचा, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरने आवरण पुन्हा भरायचं. सळईचा व्यास फार कमी झाला असेल तर शेजारी नवी सळई जोडायची. गवंडी नुसतं सिमेंटचं प्लास्टर थापून जातो आणि दोन पावसाळ्यांत ते सळईसकट सुटतं. पैसे गेले की घर पाडायच्या बाजूने बोलणाऱ्याला आणखी जोर येतो.

गच्चीचा दुसरा रोग वजनाचा. गळती लागली की जुना कोबा न काढता वर नवा कोबा आणि त्यावर चायना मोझॅक. चार इंच कोब्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतं. माणसं वावरतील अशा गच्चीसाठी आपलं भारतीय मानक जो वरचा भार धरायला सांगतं तो दर चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. म्हणजे एका जादा कोब्यानेच गच्चीची राखीव ताकद खाल्ली, त्यावर हजार लिटरची काळी टाकी आणखी एक टन. जिथे दोन-तीन थर दिसतील तिथे सगळे उतरवून एकच हलकं वॉटरप्रूफिंग करा. टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या डोक्यावर आणा. आणि भिंती भार पेलणाऱ्या आहेत हे विसरून तळमजल्याची भिंत काढून तिथे गाडी किंवा दुकान घालायचा बेत कोणी करत असेल तर त्याला आधी इंजिनिअरकडे पाठवा. हे जिवावरचं काम आहे.

सोसायटीने इथे काय करावं? दर वर्षी मे महिन्यात सगळ्या गच्च्यांची मिळून पाहणी. एकच इंजिनिअर सगळ्या सोसायटीसाठी ठरवला तर प्रत्येकाला स्वस्त पडतो. जाळी दुरुस्त करणारा, जुनी सागवानी चौकट जोडणारा, मोझॅक पॉलिश करणारा अशा भरवशाच्या कारागिरांची यादी सचिवांकडे ठेवा. एकट्या राहणाऱ्या घरांच्या छोट्या दुरुस्तीला उसनवारीने पैसे देता येतील असा फंड सुरू करा, रक्कम लहान असली तरी चालेल. विश्वविद्यालयाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत वास्तुकला विभाग आहे. तिथल्या मुलांना एका सत्रासाठी बोलावून प्रत्येक घराची मापं, फोटो आणि बदलांची नोंद करून घ्या. जुनी रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, आणि अमोनिया प्रिंटचे नकाशे कपाटांतून बाहेर काढा, स्कॅन करा. बर्लिनची हॉर्सशू वसाहत ब्रुनो टाउटने विसाव्या शतकाच्या विशीत बांधली. तिथे रहिवाशांच्या पुढाकारातून प्रत्येक घराची अशी नोंद तयार झाली आहे: कुठल्या दाराला कुठला रंग, खिडकीची चौकट कशी, कुठली वस्तू कुठे दुरुस्त होते. घरमालकाला दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडेल अशीच नोंद ठेवा. नुसते फोटो असलेली सुंदर पुस्तिका शोकेसमध्ये जाते.

आता वारस. घर आजोबांच्या नावावर, ते गेले, तीन मुलं, एक पुण्यात, एक कॅनडात, एक इथे. तिघांना वाटा हवा आणि घर तोडून वाटता येत नाही. अशा कुटुंबाला लोभी म्हणणं मला पटत नाही, त्यांची अडचण खरी आहे. त्यांच्यापुढे पर्याय ठेवा. वरचा आणि खालचा मजला स्वतंत्र करता येतो का, मागच्या बाजूला वाढ करून तिसरं बिऱ्हाड बसतं का, हे नकाशावर दाखवा. जुना बंगला जसाच्या तसा हवा असलेले लोक शहरात आहेत: डॉक्टर, वास्तुविशारद, चित्रकार, नृत्यवर्ग चालवणाऱ्या बाई. त्यांची यादी ठेवा आणि सभासदांना विनंती करा की विकायचं मनात आलं तर आधी आम्हाला कळवा. सक्ती मात्र करू नका, सक्तीने लोक गुपचूप व्यवहार करतात. परदेशातल्या वारसांना वर्षातून एकदा तरी व्हिडिओ कॉलवर सभेत घ्या. त्यांच्याशी बोलणारा फक्त दलाल असेल तर ते त्याचंच ऐकणार. आणि पुढच्या मार्जिनला धक्का न लावता मागे वाढीला मोकळीक द्या. वाढत्या कुटुंबाला सोसायटीत काहीच वाव नसेल तर ते घर विकेल, आणि मग तुम्ही राखलेला नियम त्यालाच बाहेर काढणारा ठरेल.

आणि हे बोलणं घरोघरी जाऊन करायचं आहे. नोटीस बोर्डावर कागद लावून होत नाही. मराठी घरात मराठीत, गुजराती घरात गुजरातीत, आणि जोडीला एक वयस्क काका आणि एक तिशीतली सून अशी जोडी पाठवा. पहिल्या भेटीत कागद काढू नका. घर कोणी बांधलं, तेव्हा गल्लीत काय होतं, पुरात काय झालं हे ऐका. त्या घराला सोसायटीकडून काय हवं आहे ते लिहून घ्या. गणपती आणि नवरात्र कॉमन प्लॉटवर होतातच, तिथे जुन्या फोटोंची एक भिंत लावा. आपल्या आजीचं लग्न याच मांडवात झालं हे बघून नातवंडं प्रश्न विचारू लागतात. मग त्यांच्या आईवडिलांशी बोलणं निम्मं सोपं होतं.

लोक एका मतावर आले की मग कायद्याचा कागद. आधी मूळ कागद काढा. जमीन सोसायटीच्या नावावर आणि सभासद लीजवर आहेत, की प्लॉट ज्याच्या-त्याच्या मालकीचा आहे, यावर सोसायटीचा अधिकार किती हे ठरतं. जुन्या लीज डीडमध्ये 'एका प्लॉटवर एकच घर', 'दुकान नाही' अशा अटी पुष्कळ सोसायट्यांत सापडतात आणि सगळे त्या विसरलेले असतात. उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या बायलॉजमध्ये, बदल सर्वसाधारण सभेच्या ठरावाने होतो, पण गुजरात सहकारी संस्था कायदा, १९६१ खाली निबंधकाकडे त्याची नोंद झाल्याशिवाय तो लागू होत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपविधी हा सभासदांमधला करार आहे आणि तो त्यांना बांधतो असं मानलं. तो खटला सभासद कोणत्या समाजाचा असावा यावर होता. तसला नियम तुमच्या मिश्र वस्तीत कोणी सुचवला तर तिथेच थांबवा, त्याने सोसायटी फुटेल. उंची, मार्जिन आणि झाडं यांच्यासाठी मात्र करार या कल्पनेचा आधार घ्या, आणि सहकार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून मसुदा तपासून घ्या. महापालिकेच्या बांधकाम नियमांत बसणारं बांधकाम सोसायटी फक्त आपल्या कराराच्या जोरावर अडवू शकते, म्हणून करार भक्कम हवा. एनओसी देण्यासाठी पैसे घेण्याची प्रथा असेल तर ती आधी बंद करा. ज्या दिवशी लोकांना वाटेल की नियम म्हणजे वसुलीचं निमित्त आहे, त्या दिवशी सगळं मुसळ केरात.

सोलरबद्दल आत्ताच ठरवून ठेवा, कारण गुजरातेत ते झपाट्याने वाढतंय आणि वाढायलाच हवं. आठ-दहा फूट उंच लोखंडी सांगाड्यावर पॅनेल बसवले की गल्लीतून आणखी एक मजला चढल्यासारखं दिसतं, वादळात सांगाड्यावर वाऱ्याचा जोरही जास्त येतो. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, मागे, कमी उंचीवर आणि कोबा न फोडता बसवायची एक नमुना रचना इंजिनिअरकडून काढून घ्या आणि सगळ्यांना फुकट द्या.

राहता राहिली ती दोन घरं, ज्यांची बोलणी चालू आहेत. त्यांच्यासाठी उपविधीची वाट बघायला वेळ नाही. या आठवड्यात जाऊन भेटा, पदाधिकारी म्हणून जाण्यापेक्षा शेजारी म्हणून जा. स्लॅबची तपासणी झाली नसेल तर सोसायटीच्या खर्चाने करून द्यायची तयारी दाखवा, आणि अहवाल वाईट आला तर तोही प्रामाणिकपणे त्यांच्या हातात ठेवा. विकायचंच ठरलं असेल तर बिल्डरशी तुमची गाठ घालून देतील का विचारा. पुढचं मार्जिन, कडुनिंब, भरणीची उंची आणि शेजाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या, या चार गोष्टींवर बिल्डर बरेचदा ऐकतो, कारण आजूबाजूची तक्रार नसलेला प्लॉट त्यालाही हवा असतो. आणि घर पडणारच असेल तर पाडकाम सुरू व्हायच्या आधी जाळ्या, सागवानी दारं, पितळी कड्या आणि खिडक्यांचे ग्रिल काढून घ्यायची परवानगी मागा. कॉमन प्लॉटवरच्या खोलीत ते नीट मांडून, कुठल्या घरातलं काय ते लिहून ठेवा. त्या साच्याच्या जाळ्या आता सहज मिळत नाहीत, आणि शेजारच्या घरांतली एखादी जाळी पुढच्या पावसाळ्यात तडकली तर त्याच उपयोगी पडतील.